अठरा एप्रिलचं पाणी

काचेच्या तळाशी एक थेंब राहिला होता. पात्र उलटं केलं, झटकलं, पुन्हा उलटं केलं, तरी तो आपला तिथेच – आणि काठाच्या टवक्यातून धुक्याचा पांढरा उजेड आत शिरून त्या थेंबात असा निवांत बसला होता, की जयवंत ओव्हाळला वाटलं, या थेंबाला आपण कुठेतरी भेटलेलो आहोत. साडेआठ वाजून गेले होते. कचेरीच्या अंगणात, तारेच्या कुंपणातल्या पर्जन्यमापकासमोर तो उकिडवा बसला होता. पितळी नरसाळं काढून बाजूला ठेवलं होतं, रात्रभरात साठलेलं पाणी रेघा आखलेल्या त्या काचेच्या मोजपात्रात ओतून, डोळा पाण्याच्या रेघेला लावून त्याने आकडा वाचला होता – शून्य दशांश सहा – आणि वहीत लिहिला होता. काम संपलं होतं. उठायचं तेवढं राहिलं होतं आणि ते काही केल्या होत नव्हतं. भाद्रपदातलं धुकं धरणाच्या पाण्यावरून कुंपणापर्यंत आलं होतं, पलीकडचा तेरडा दिसत नव्हता, कचेरीची भिंत अर्धी होती, अर्धी नव्हती. आत टेबलाच्या खणात तो कागद होता.

धुक्याने कचेरी पुसून टाकली तर… त्याला हसू आलं. बेचाळिसाव्या वर्षी, दोन मुलांच्या बापाने, सरकारी वेळेत असले विचार करावेत! पण खरोखरच पुसली गेली तर कागदही जाईल, खणही जाईल, आणि मग मी नुसता इथे बसून राहीन, हातात एक काच घेऊन, कुणीही न विचारलेला.

पाऊस मोजायचं हे सरकारी ठाणं. पाच टेबलं, एक टंकलेखन यंत्र, दोन पंखे – त्यातला एक फिरणारा. मावळातल्या डोंगरांवर जागोजाग भांडी मांडलेली होती, तिथली माणसं रोज सकाळी आकडा लिहीत, दर शनिवारी चिठ्ठी खाली येई, आणि ते सगळे आकडे पुण्याला जात. सतरा वर्षं जयवंत हेच करत होता. सर्वांत वरचं भांडं माळवाडीला होतं, खालून दीड तासाची चढण; आणि ते बघत होता कोंडीबा, अकरा वर्षं, रोजंदारीवर. कोंडीबाला अक्षर येत नव्हतं. शून्यापासून नऊपर्यंतचे आकडे तेवढे येत, तेही जयवंतनेच शिकवलेले, वाडीतल्या एका सपाट कातळावर कोळशाने गिरवून. त्या वेळी कोंडीबाचा आठ नेहमी आडवा पडायचा…

खणातला कागद त्या कोंडीबाबद्दल होता.

काल दुपारी निगडेसाहेबांनी आत बोलावलं होतं. उपविभागाचे प्रमुख, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली, मनाने तसे मऊ. सात वर्षांत त्यांनी जयवंतला कधी चहा विचारला नव्हता, आणि काल तो जाण्याआधीच मागवून ठेवला होता.

“माळवाडीची जागा कायम होतेय, ओव्हाळ. वरून मंजुरी आली.”

“बरं झालं, साहेब. कोंडीबा –”

“कोंडीबाचं राहू द्या.” साहेबांनी बशीत चहा ओतला, फुंकला, आणि मग तालुक्याच्या पुढाऱ्यांचं नाव घेतलं. “हैबतरावांचा निरोप आहे. भिवाजी त्यांचा भाचा. मॅट्रिक झालेला. हा तुमचा कोंडीबा अंगठाछाप. आणि तसंही, त्याने एप्रिलात पाऊस पाडलाय म्हणे! अठरा तारखेला. सगळा तालुका कोरडा ठक्क, आणि माळवाडीला दोन दशांश चार. म्हणजे घरी बसून आकडे लिहितो, असाच अर्थ ना?”

जयवंतने आपला कप उचलला आणि तसाच बशीत ठेवला.

“तुम्ही त्या केंद्राचे निरीक्षक. तुमची सही लागेल. इंदूबाईंनी कागद करून ठेवलाय.” मग थोडं थांबून, खिडकीबाहेर बघत, “तुमचं पर्यवेक्षकाचं प्रकरणही परवा त्याच पाकिटातून जातंय. दोन्ही बरोबरच जाऊ देत. नाहीतर तुम्हाला ठाऊक आहे, हैबतरावांना कुणाची बदली चंद्रपूरकडे करायची झाली, तर फोनसुद्धा करावा लागत नाही.”

हे त्यांनी अगदी काळजीने सांगितलं. तेच तर अवघड होतं. धमकी दिली असती तर निदान राग आला असता.

अखेर मोजपात्र हातात घेऊन तो पर्जन्यमापकासमोरून उठला. गुडघे कुरकुरले. आत येताना त्याच्या पायांचा आवाज झाला, आणि नेहमीप्रमाणे आतलं बोलणं थांबलं. हे अलीकडचं होतं, मार्चात हैबतरावांची जीप पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हापासूनचं. एखादा माणूस दारातून आला की बाकीच्यांचे तळहात आपोआप समोरच्या कागदावर पडत, लिहिता लिहिता, जणू कागदाला थंडी वाजते आहे. कागदावर काही गुपित असे म्हणून नव्हे; कदाचित रजेचाच अर्ज असेल. पण कुणाचं कुणाशी काय आहे, कोणाचा निरोप कुठे पोचतो, हे कुणालाच कळत नसल्यामुळे सगळेच सगळं झाकत. आणि मी? मीही झाकतो. पावसाचे आकडे, जे उद्या छापून येणार आहेत, ते मी पंजाने झाकतो.

त्याच्या बाबतीत आणखी एक होतं, जुनं. राखीव जागेवरनं आलाय. हे त्याच्यासमोर कुणी कधी म्हटलं नव्हतं, पण सतरा वर्षांत ते त्याने इतक्या पाठमोऱ्या माणसांकडून ऐकलं होतं, की आता कुणी न बोलताही ऐकू येई. म्हणून त्याचं अक्षर कचेरीत सर्वांत सुबक होतं. म्हणून त्याच्या नावावर सतरा वर्षांत एक लेट मार्क नव्हता, एक शेरा नव्हता. चूक करायची चैन बाकीच्यांना परवडत होती, त्याला नव्हती. पर्यवेक्षकाची खुर्ची ज्येष्ठतेने त्याचीच होती, सरळ सरळ त्याची, आणि तरी ती मिळाली की पुन्हा तेच पाठमोरं बोलणं सुरू होणार… रत्नाने सकाळी डबा देताना विचारलं होतं, “अहो, कळलं का काही?” त्याने मान हलवली होती. तिने पुढे विचारलं नाही, डब्याचं झाकण मात्र दोनदा दाबलं.

दाराशेजारच्या खुर्चीत भिवाजी बसला होता. दोन महिने तो असाच येऊन बसत होता, कोणत्याही हुद्द्याविना, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि कुणी आलं की अर्धवट उठत. त्याचा राग करावा म्हटलं तर तोही धड करू देत नव्हता.

“ओव्हाळसाहेब,” तो हळूच म्हणाला, “त्या माळवाडीला यष्टी जाती का?”

“नाही. चालत. दीड तास.”

“रोज?”

“भांडं तिथेच आहे. रोज सकाळी साडेआठ.”

भिवाजीचं तोंड इतकं पडलं, की जयवंतला त्याची कीव आली. “मामा म्हनले, नुसतं आकडं लिवायचं काम हाय,” असं पुटपुटत तो पुन्हा बसला. म्हणजे ज्याला जागा द्यायची त्याला ती नको होती, ज्याला हवी होती त्याच्याकडून काढून घ्यायची होती, आणि सही मात्र तिसऱ्याच माणसाची. सरकारात राहून जयवंतला अशा गोष्टींचं आश्चर्य वाटेनासं झालं होतं, पण आज वाटलं. त्याने खण उघडला, कागद बघितला आणि बंद केला.

*सदर कर्मचाऱ्याच्या नोंदी विश्वासार्ह नसल्याचे निरीक्षणाअंती आढळून आले आहे.* निरीक्षणाअंती… कुणाच्या निरीक्षणाअंती? निरीक्षक तर झोपला होता.

अकरा वाजेपर्यंत धुकं विरळ झालं आणि खिडकीतून धरणाचं पाणी दिसायला लागलं – हलत नसलेलं, करडं. त्या पाण्याखाली आजोबांचं घर होतं. गाव गेलं तेव्हा बाप पाच वर्षांचा होता. म्हणायचा, पाणी एकदम येत नाही रे, ते रोज एक पायरी चढतं, आणि रोज वाटतं की आज थांबेल. लहानपणी जयवंतला वाटे, तळाशी अजून चूल पेटते, आजी भाकऱ्या थापते, वरून मासे जातात आणि ती पदराने त्यांना हाकलते. हे चित्र त्याला सरकारी फायलींमध्ये बसूनही मधूनच दिसायचं आणि बरं वाटायचं. आज मात्र पाण्याखाली झाड दिसलं. जांभळाचं. आणि त्याखाली कुणीतरी आडवं झालेलं…

सतरा एप्रिल. त्या दिवशी तो एकटाच वर गेला होता. उन्हाळ्यात भांड्याची गळती तपासायची असते: मोजपात्राने मोजून पाणी आत ओतायचं, अर्धा तास थांबायचं, पुन्हा काढून मोजायचं. जितकं ओतलं तितकं भरलं की गळती नाही. मग ते फेकायचं, भांडं कोरडं करायचं, जागेवर मांडायचं. मामुली काम. कोंडीबा लाकडं आणायला खिंडीपलीकडे गेला होता. घरी त्याची बायको पारू होती. तिने बसायला घोंगडी टाकली, ताक दिलं, पानावर मूठभर करवंदं ठेवली. जयवंतने दोन दशांश पाच पाणी मोजून भांड्यात ओतलं. घड्याळ बघितलं – एक वाजून वीस मिनिटं. आणि अर्धा तास काढायचा म्हणून तो जांभळाखाली टेकला.

काय झोप होती ती! सतरा वर्षांत तो तसा झोपला नव्हता. घरीसुद्धा झोपेत त्याचा एक कान जागा असे, कोण काय म्हणतं ते ऐकत. तिथे तो कानही झोपला. वारा पानांतून असा येत होता की कुणी पंख्याने घालावा. पारू कुठेतरी लांब भांडी घासत होती, तिचा खरखर आवाज जवळ येई, दूर जाई, कोंबडी घोंगडीच्या काठावरून चालत गेली हे त्याला पायाला कळलं आणि त्याने पाय हलवला नाही. स्वप्नात तो खाली पाण्याखालच्या घरात गेला होता, आजीने विचारलं, कुठं असतोस रे, आणि तो म्हणाला, पाऊस मोजतो. आजी हसली, म्हणाली, हे कसलं रे काम. तिथे कुणीही त्याच्याविषयी पाठमोरं बोलत नव्हतं. तो नुसता होता.

जाग आली तेव्हा पाच वाजून गेले होते. उन्हं पिवळी झाली होती आणि खालची शेवटची एस.टी. सहाला. तो धडपडत उठला, वही, पिशवी, चष्मा गोळा केला, पारूला येतो म्हटलं आणि पळत सुटला. वाटेत खिंडीच्या वळणावर, एका धोंड्यावर वही ठेवून, उभ्याउभ्याच निरीक्षणाचा शेरा लिहिला. *गळती नाही. भांडे सुस्थितीत.* मोजलं नव्हतं. फेकलंही नव्हतं.

अडीच मिलिमीटर तसंच आत राहिलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडीबाने ते मोजलं. दोन दशांश चार. एक दशांश उन्हाने नेलं असणार, तेवढंच. माणसाने इतकं बिनचूक मोजावं!

हे जयवंतला कधी कळलं? या प्रश्नापाशी आला की त्याचं मन बिचकायचं, वाट सोडायचं. कालच कळलं, असं त्याने रात्री स्वतःला सांगितलं होतं. साहेबांनी तारीख उच्चारली आणि आपल्याला आठवलं. त्याआधी माहीत नव्हतं. माहीत असतं तर…

बाराच्या चहाला सगळे अंगणातल्या बाकावर बसले. इंदूबाई त्याच्या शेजारी येऊन बसल्या. पन्नाशीच्या, टंकलेखन करणाऱ्या, नवरा याच खात्यात असताना गेला म्हणून त्याच्या जागी लागलेल्या. अठरा एप्रिलची गोष्ट साहेबांच्या कानावर त्यांनीच घातली, याबद्दल जयवंतच्या मनात कालपासून शंका नव्हती. आकडे त्यांच्याच हातून पुण्याला जायचे. साहेबांच्या खोलीत त्यांना दिवसातून दहा वेळा जावं लागायचं. मांजरीसारखं चालतात, असं तो रत्नाला म्हणालादेखील होता.

“ओव्हाळ,” त्या कपात बघत म्हणाल्या, “तुम्ही माझ्याशी बोलत नाही दोन दिवस.”

“काम होतं.”

“त्या वाडीच्या पावसाचं मी सांगितलं, असं वाटतंय ना तुम्हाला? नवऱ्याची शपथ घेऊन सांगते, मी नाही. मला सांगायची गरजच नव्हती.” त्यांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, थकवा होता. “मे महिन्यात, इथेच, याच बाकावर तुम्ही सांगितलंत. सगळ्यांना. साहेबही होते की. किती हसलो होतो आपण.”

कप हातात तसाच राहिला.

होय. मे महिना, उकाडा, पंखा बंद. कुणीतरी कलिंगड आणलं होतं. सगळे बसले होते आणि त्या दिवशी त्याला कुणी वेगळा धरत नव्हतं. साहेबांनी स्वतःच्या हाताने फोड दिली होती. अशा वेळी माणसाला वाटतं, आपणही काहीतरी द्यावं. आणि तो म्हणाला होता – “आमच्या कोंडीबाची कमाल ऐकली का? एप्रिलात पाऊस पाडला गड्याने! इंद्राशी संधान दिसतंय.” केवढे हसले होते सगळे! साहेबांना ठसका लागला होता. वर्षानुवर्षं ज्या हसण्याच्या बाहेर तो उभा होता, त्याच्या मधोमध त्या दिवशी तो बसला होता, हातावरून कलिंगडाचा रस ओघळत होता, आणि त्याला इतकं बरं वाटलं होतं… लाज वाटावी इतकं बरं.

तेव्हा माहीत होतं का? सतराला मी वर गेलो होतो, हे माहीत होतं. पाणी ओतलं होतं, हेही. अठराचा आकडा माझ्या समोर होता. दोन पावलांचं तर अंतर. हसता हसता मनाच्या तळाशी काहीतरी हललं होतं, मासा वळतो तसं – आणि मी त्याच्यावर आणखी मोठ्याने हसलो. माहीत होतं. होय. माहीत होतं.

“मला वाटलं होतं, तुम्ही मुद्दामच सांगितलंत,” इंदूबाई हळू म्हणाल्या. “पर्यवेक्षकाचं चाललंय म्हणून, साहेबांना धरून राहायला. म्हणून मीही जरा जपूनच होते तुमच्यापासून.” त्या उठल्या, कप विसळायला गेल्या. त्याही मला भीत होत्या तर. त्यांना भिऊन मी कागद झाकत होतो आणि मला भिऊन त्या! या गोष्टीवर हसायला हवं होतं.

कोंडीबा तीनला आला. शनिवार होता, हे जयवंत विसरलाच होता. की विसरलो असं दाखवत होतो? पायातल्या टायरच्या चपला दारात काढून, डोक्यावरचं इरलं भिंतीला टेकवून तो आत आला, आणि त्याच्याबरोबर चुलीच्या धुराचा नि ओल्या घोंगडीचा वास आला. पन्नाशीचा काळा, काटकुळा माणूस. खोचलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्याने आठवड्याची चिठ्ठी काढली, दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. मग काखोटीतून एक भलंमोठं हिरवं-पिवळं तवसं काढून शेजारी ठेवलं. हाताएवढी काकडी, डोंगरातल्या पावसावर पोसलेली.

“राम राम, सायेब. पारूनं दिलंय. पोरास्नी.”

“कशाला रे…”

“लई लागल्यात औंदा. कोन खातंय?”

दारातल्या खुर्चीवरून भिवाजी अर्धवट उठला, पुन्हा बसला. कोंडीबाने त्यालाही राम राम घातला. हा कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. जयवंतने चिठ्ठी वाचली: सात आकडे, ठसठशीत, आठ आता सरळ उभा. रविवार चौदा दशांश दोन. सोमवार नऊ दशांश सात. शुक्रवार शून्य दशांश तीन. शून्य दशांश तीन! एवढंसं पाणी, काचेच्या तळाला जेमतेम ओल, आणि त्यासाठी हा माणूस कातळावर पोटावर पडून डोळा लावत असणार.

“कोंडीबा,” तो आवाज खाली आणून म्हणाला, “उन्हाळ्यात, एप्रिलात… अठरा तारखेला तू दोन दशांश चार लिहिलंस. आठवतंय?”

“व्हय. आठिवतंय की.”

“त्या दिवशी पाऊस नव्हता.”

“न्हाई. पाऊस कुटला!”

“मग?”

कोंडीबा त्याच्याकडे बघत राहिला, काय विचारताहेत ते न कळल्यासारखा. “भांड्यात व्हतं ना, सायेब. साडेआठाला भांड्यात जे आसंल ते मोजायचं, लिवायचं, मंगच वतायचं. बिगर मोजल्याचं फेकायचं न्हाई. तुमीच शिकिवलं की, त्या कातळावर बसून.”

“ते पाणी कुठून आलं, ते तुला माहीत होतं?”

आता कोंडीबा जरा हसला. दारातल्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून टेबलाकडे वाकला. “पारूनं सांगितलं. म्हनली, सायेबांनी पानी वतलं आन् झोप लागली त्यास्नी. म्या तिला म्हनलं, उटिवलं न्हाईस व्हय? तर म्हनली, लई दमल्यालं दिसत व्हतं, उटवू वाटंना.”

“आणि तू कुणाला बोलला नाहीस.”

“आता तुमचंच पानी, तुमास्नी ठावं. मी काय सांगू? म्हनलं, सायेबांची वही हाय, सायेब बघून घेतील.” मग त्याने कानामागे खाजवलं. “काय चुकलं का माजं?”

पंखा फिरत होता. इंदूबाईंचं यंत्र मध्येच थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. जयवंतने मान हलवली. नाही अशी.

“मंग जातो. खिंडीत धुकं यायच्या आत गेलेलं बरं.” दाराशी जाऊन कोंडीबा वळला. “सायेब, त्ये कायम व्हायचं काय म्हनत व्हता तुमी गेल्या सालाला… घाई न्हाई. पारू इचारती म्हून इचारलं.”

“बघतो,” जयवंत म्हणाला.

इरल्याखाली तो लहान होत गेला आणि रस्त्याच्या वळणावर दिसेनासा झाला. बराच वेळ जयवंत त्या वळणाकडे बघत होता. सतरा वर्षं कचेरीतला प्रत्येक चेहरा तो तपासत आला होता – हा काय बोलेल, ती काय सांगेल, कोण मला बुडवेल. आणि मला बुडवू शकेल अशी एकच गोष्ट सबंध जगात होती, ती पाच महिने एका माळरानावरच्या झोपडीत पडून होती, चुलीशेजारी, मिठाच्या मडक्याशेजारी. आणि तिथल्या दोघांना ती वापरायची असते हे ठाऊकच नव्हतं. झोपलेल्या माणसाला उठवू नये, इतकंच त्यांना तिच्यातलं कळलं होतं.

चार माणसांना चेहरा दिसू नये म्हणून त्याने खण उघडला आणि डोकं त्यात घातल्यासारखं करून काहीतरी शोधत राहिला.

साडेपाचला टेबलं एकेक करून रिकामी झाली. भिवाजी सायकलीवर टांग मारून गेला. इंदूबाईंनी यंत्रावर कापड घातलं, जाताना त्याच्या टेबलापाशी थबकल्या, “येते” म्हणाल्या. हे त्या आधी कधी म्हणत नसत. साहेब सर्वांत शेवटी बाहेर आले, छत्री काखेत.

“झालं का, ओव्हाळ? पाकीट सकाळीच निघतंय. रविवार असला तरी हैबतरावांची जीप जातेय पुण्याला, तीच नेईल.”

“सकाळी देतो, साहेब.”

काय देतो, ते त्याने सांगितलं नाही, आणि साहेबांनीही विचारलं नाही. ते क्षणभर तवशाकडे बघत उभे राहिले. “माळवाडीचं?” “हो.” “छान पोसलंय,” असं म्हणून ते पायऱ्या उतरले.

टेबलावर आता तीन कागद होते. इंदूबाईंनी टंकलेला अहवाल, खाली सहीसाठी मोकळी सोडलेली बोटभर जागा. कोंडीबाची चिठ्ठी. आणि एप्रिलची निरीक्षणवही, जी त्याने कपाटातून काढून उघडी ठेवली होती – *गळती नाही. भांडे सुस्थितीत.* धोंड्यावर ठेवून, पळतापळता लिहिलेलं, तरी काय सुबक अक्षर! या तिन्ही कागदांत खोटं नसलेला एकच होता आणि तो लिहिणाऱ्याला अक्षर येत नव्हतं. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की कुणालाही दिसलं असतं. कुणी ठेवणार नव्हतं. सही केली की सोमवारपासून सगळं सुरळीत. नाही केली आणि त्याऐवजी त्या पाण्याबद्दल खऱ्या दोन ओळी लिहिल्या, तर सतरा वर्षांत पहिला शेरा, खुर्ची नाही, आणि रत्नाला सांगायचं, बांधाबांध कर, चंद्रपूर लांब आहे. आणि बाकावर कुणीतरी म्हणणार, तरी म्हटलं, राखीव जागेवरनं आलाय. दोन ओळींनी माळवाडीची जागा कोंडीबाला मिळेल, असंही काही नव्हतं. बुडायचं तर कदाचित दोघंही बुडणार होतो.

त्याने पेनाचं टोपण काढलं. लावलं. पुन्हा काढलं.

धुकं पाण्यावरून परत निघालं होतं. उघड्या खिडकीतून ते आत आलं, इंदूबाईंच्या यंत्रावर, साहेबांच्या दारावर, रिकाम्या खुर्चीवर हळूहळू बसत गेलं, आणि त्या पांढऱ्यात त्याला पुन्हा जांभळाखालची सावली लागली, भांडी घासल्याची खरखर ऐकू आली, जवळ येणारी, दूर जाणारी. कुणीतरी माणूस झोपला होता आणि कुणीतरी बाई, हातातलं तवा-परात आवाज न करता खाली ठेवून, त्याच्याकडे बघत होती. दमलेला दिसतोय. इतकं साधं त्याच्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं, आणि तो त्या वेळी झोपेत होता.

मोजपात्र सकाळपासून टेबलाच्या कडेला तसंच होतं. तळाचा थेंब वाळला होता, तिथे एक बारीक वळं राहिलं होतं. जयवंतने ते उजेडाकडे धरलं, पुन्हा ठेवलं. सबंध दिवस मनात होती ती भीती – कुणाला कळेल तर – आता शोधूनही सापडत नव्हती, आणि तिच्या जागी दुसरंच काही येऊन बसलं होतं, जे चंद्रपूरच्या बदलीपेक्षा जड होतं आणि पर्यवेक्षकाच्या खुर्चीपेक्षा जवळ. पुढच्या शनिवारी तीन वाजता कोंडीबा येईल. जागा त्याची असो, नसो. त्याला कुणी सांगितलेलं असो, नसो. तो दारात चपला काढेल, दोन्ही हातांनी चिठ्ठी ठेवील आणि “राम राम, सायेब” म्हणेल. आणि मला वर बघावं लागेल.